अवघड जागचं दुखणं

सोमवारी सकाळी बँकेत गेले, खुर्ची ओढली, बसले आणि टुणकन उठले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "काय गं, पाठ?" मी म्हटलं, "हो गं, पाठ." पुढचे चार दिवस माझी पाठच दुखत होती. शिपाईकाकांनी एका तेलाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, मॅनेजरसाहेबांनी कटिबस्ती करणाऱ्या वैद्यांचा नंबर दिला, आणि मी सगळ्यांचे आभार मानत, एका अंगावर कलून बसत, काउंटर सांभाळत राहिले. चोपन्न वर्षांच्या बाईने बूड दुखतंय हे सांगायचं कुणाला? शब्द तरी कुठला वापरायचा? घरात बोलतो तो बँकेत चालत नाही. आणि 'बसायची जागा दुखते' असं सभ्यपणे म्हटलं तर ऐकणारा खुर्चीकडे बघतो.

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. मला एकच मुलगा, तेव्हा जावयाचा प्रश्न नाही. पण आमच्या स्पिनिंगच्या, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या, क्लासचा कोच चोवीस वर्षांचा, साताऱ्याकडचा, अतिशय गुणी आणि हुबेहूब माझ्या मुलासारखा दिसणारा. म्हणजे म्हण लागू झालीच.

या वयात हे खूळ कुठून, तर गुडघे. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा, सायकल चालवा. सायकल म्हटल्यावर मी खूश. सदाशिव पेठेतलं बालपण माझं. तिसरीत बाबांच्या हर्क्युलिसच्या दांडीखालून पाय घालून शिकले, अकरावीला स्वतःची लेडीज सायकल मिळाली, आणि पाच वर्षं रोज लकडी पुलावरून फर्ग्युसनला गेले. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे आणि ते खरंही होतं. आता त्याच कर्वे रोडवर मी सायकल घेऊन उतरायचं म्हणजे नवऱ्याने आधी विम्याचे कागद शोधून ठेवायचे. म्हणून मग दुसऱ्या मजल्यावरचा हा क्लास. सोमवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सव्वासहा, पंचेचाळीस मिनिटं. वीस सायकली, निळे दिवे, ढोल-ताशावर चढवलेलं काहीतरी धडधडतं संगीत. खिडकीबाहेर मेट्रोचा पूल आहे. वनाजची गाडी आमच्या डोळ्यांच्या रेषेत जाते. आतली माणसं बघत असतात, की ही वीस माणसं जीव तोडून पायडल मारताहेत आणि एक इंचही पुढे सरकत नाहीत.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पैसे देऊन जागच्या जागी? आमच्या वेळी गिरणीतला पट्टा फिरायचा, निदान पीठ तरी मिळायचं."

पहिल्या दिवशी मी तोऱ्यातच सीटवर चढले. मला कोण सायकल शिकवणार! दहाव्या मिनिटाला सीट टोचायला लागली. पंधराव्या मिनिटाला मी डावीकडे सरकले, विसाव्याला उजवीकडे, आणि पंचविसाव्याला कोच "हात खाली, छाती पुढे" म्हणाला तेव्हा माझं सगळं लक्ष घड्याळाच्या काट्यावर होतं. शेवटची दहा मिनिटं कशी काढली ते विठ्ठलाला माहीत. उतरले तर दोन गोष्टी झाल्या होत्या. मागे, आपण ज्या दोन हाडांवर बसतो, तिथे कुणीतरी लाटण्याने ठोकल्यासारखं ठणकत होतं. आणि पुढे, नाजूक जागी, काहीच वाटत नव्हतं. पाय झोपतो ना, तसं. जिना उतरताना मुंग्या आल्या. ठणक्याचं मी नवऱ्याला सांगितलं. मुंग्यांचं कुणालाच नाही.

कोचला फक्त "सीट फार कडक आहे रे" एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "होईल सवय, मॅडम. पहिले दोन आठवडे सगळ्यांनाच होतं." त्याचं चुकलं नव्हतं, पण अर्धंच बरोबर होतं, आणि उरलेलं अर्धं मी त्याला सांगितलंच नाही तर त्याला कळणार कसं?

मग मी तेच केलं जे सगळे करतात. जेलचं सीट कव्हर मागवलं. चारशे नव्व्याण्णव रुपये, रंग काळा, बोट दाबलं की आत जातं, इतकं मऊ. गुरुवारी मोठ्या आशेने ते चढवलं. मागचं दुखणं पहिली दहा मिनिटं खरंच कमी वाटलं, आणि पुढचं बधिरपण पंधराव्या मिनिटाऐवजी आठव्यालाच आलं. शिवाय ते कव्हर घामाने सरकत होतं, त्याच्याबरोबर मीही.

हे असं का होतं ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर बाबांची आठवण आली. त्यांच्या हर्क्युलिसला कातडी सीट होती, खाली दोन जाड स्प्रिंगा, आणि वर चामडं इतकं टणक की आम्ही पोरं त्यावर बसलो की ओरडायचो. बाबा वीस वर्षं त्यावरून खडकीला कामाला गेले. म्हणायचे, ही सीट माझ्या बुडाला बसली आहे, तुमच्या नाही. पावसाळ्यानंतर चामडं सैल पडलं की सीटच्या नाकाखालचा नट पान्याने अर्धा आटा आवळायचे. त्या सीटवर दोन खळगे होते, वाटीच्या बुडाएवढे. बाबांच्या त्या दोन हाडांनी पाडलेले. वजन त्या दोन हाडांवर पेललं जात होतं आणि बाकी सगळं मोकळं होतं. मऊ गादीत काय होतं? हाडं आत रुततात, आणि मधला भाग खालून वर येऊन नेमका जिथे टेकायला नको तिथे टेकतो. त्या भागात नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. तिथे दाब आला की मुंग्या. चारशे नव्व्याण्णव रुपयांत मी मुंग्याच विकत आणल्या होत्या.

मला वाचवलं ते पंढरपूरवाल्या ताईंनी. त्यांना आम्ही असंच म्हणतो, कारण त्या सायकलवरून पंढरपूरला जाऊन आल्यात, त्रेसष्ट वर्षांच्या आहेत आणि क्लासमध्ये सगळ्यात शेवटच्या रांगेत, भिंतीजवळच्या सायकलवर बसतात. दुसऱ्या आठवड्यात कपडे बदलायच्या खोलीत मी बाकावर बसताना तोंड वाकडं केलं ते त्यांनी पाहिलं. अगदी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "मागे की पुढे?"

मला आधी कळलंच नाही.

"अगं, दुखतंय ते मागे की पुढे? हाडाला की मधे?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी इकडेतिकडे बघून म्हटलं, "मागे दुखतं. पुढे बधिर होतं."

"मागचं जाईल," त्या बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाल्या. "नवीन चप्पल लागते तसं आहे ते. आठवडा, दोन आठवडे. पुढचं मात्र सवयीने जात नाही आणि त्याची सवय करायचीही नाही. बधिर झालं की उतरायचं. शनिवारी पावणेसहाला ये, आणि येताना ते गादीचं टोपडं घरी ठेवून ये."

शनिवारी पावणेसहाला त्या आधीच येऊन उभ्या होत्या. हातात एक दोरा, त्याला घराची किल्ली बांधलेली. मी सायकलवर चढायला गेले तर म्हणाल्या, चढू नकोस, शेजारी उभी राहा. कंबरेचं हाड चाचपायला लावलं. सीट त्या हाडाच्या उंचीला हवी. माझी सीट दोन भोकं वर होती. का वर होती, तर आदल्या क्लासच्या उंच मुलाने ती तशी सोडली होती आणि मी पहिल्या दिवशी तोऱ्यात तशीच चढले होते! मग वर बसवून पायडल अगदी खाली नेलं आणि त्यावर टाच ठेवायला लावली. टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हायला हवा. नंतर चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, तो बरोबर. सीट जास्त उंच असेल तर खालच्या पायडलपर्यंत पोचायला प्रत्येक फेरीला कंबर इकडून तिकडे झुलते, आणि पंचेचाळीस मिनिटं तुम्ही सीटवर चंदनासारखे उगाळले जाता. माझ्या मांड्यांना आतून लाल पट्टे का आले होते ते तिथे समजलं.

मग दोरा. दोन्ही पायडलं आडवी, जमिनीला समांतर ठेवायची. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडायचा, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. किल्ली पायडलच्या दांडीवर येऊन लटकली पाहिजे. माझी किल्ली बरीच मागे लटकत होती. सीट एक खूण पुढे घेतली. इतकं सोपं काम, आणि यासाठी परदेशात पैसे देऊन माणसं बसवतात म्हणे.

यानंतर हॅण्डल. कोचने पहिल्या दिवशी माझं हॅण्डल खाली आणि लांब ठेवलं होतं, शर्यतवाल्यांसारखं. त्यासाठी मला वाकायला लागायचं, आणि वाकायचं म्हणजे पाठीतून नव्हे, तर आख्खी कंबर पुढे कलंडायची. कंबर कलंडली की वजन मागच्या हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर. ताईंनी हॅण्डल चांगलं चार बोटं वर घेतलं, जवळ ओढलं. मी सरळ बसले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की अरे, आपण ज्यावर बसायचं त्यावरच बसलोय.

शेवटी त्यांनी खाली वाकून सीटकडे आडवं पाहिलं आणि कोचला हाक मारली. "अरे, हिचं नाक वर आहे." माझं नाही, सीटचं. पुढचं टोक वर उचललेलं होतं, बोटभर. कोचने पाना आणला, मोबाइलमधलं लेव्हल मोजायचं ॲप सीटवर ठेवलं, आणि तो ती सपाट करेपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. बिचारा लाल झाला होता. मला म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं ना." मी काय सांगणार होते त्याला?

त्या दिवशी क्लासमध्ये एक दुसरीही गोष्ट सुटली, आणि ती माझ्या मते सगळ्यात मोठी होती. गुडघ्यांच्या भीतीने मी रेझिस्टन्सचा, म्हणजे पायडल जड करायचा, नॉब जवळजवळ फिरवतच नसे. हलकं ठेवायचं आणि भराभर पाय मारायचे. तर हलक्या पायडलवर भराभर पाय मारले की अंगाचं सगळं वजन सीटवर राहतं आणि शिवाय आपण त्यावर आपटत राहतो, खडी भरलेल्या ट्रकसारखे. नॉब थोडा आवळला की पायांना दाबायला काहीतरी मिळतं, वजन पायांवर जातं आणि सीटवरचं तेवढं हलकं होतं. आईला हे समजावलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे बैलगाडीत रिकामी गाडी जास्त धडधडते तसं." माझ्या अर्ध्या पानाच्या स्पष्टीकरणापेक्षा तिचं बरं होतं. गुडघ्यांनाही अति हलकं भरभर मारण्यापेक्षा हे सोसलं. अर्थात एकदम चढ चढल्यासारखा नॉब आवळायचा नाही, हेही तितकंच.

मला सतत पडलेला प्रश्न होता, की रस्त्यावर पाच वर्षं सायकल चालवून जे दुखलं नाही ते इथे पंधरा मिनिटांत का दुखावं? वय आहेच. वजनही आहे, नाही कशाला म्हणू. पण खरी गंमत वेगळी आहे. रस्त्यावरची सायकल तुमच्याखाली हलते, कलते. उतार आला की पाय थांबवून नुसतं बसता येतं, सिग्नलला उतरता येतं. आणि पुण्यात तर खड्डा दिसला की माणूस आपोआप सीटवरून उठतो. गतिरोधक आला की उठतो. कॉलेजात असताना पेठेतून फर्ग्युसनपर्यंत मी किती वेळा सीटवरून उठत असेन, मोजलं नाही, पण महानगरपालिकेने माझ्या बुडाची उत्तम काळजी घेतली होती हे आता कळतंय. इथली सायकल जमिनीला चिकटलेली. तिचं जड चाक पायडलला असं जोडलेलं, की चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. थांबायचं तर नॉब खाली दाबून ब्रेक लावायचा. दर फेरीला तोच दाब, त्याच जागी. म्हणून मी आता स्वतःचे खड्डे स्वतः ठरवते. दर चार-पाच मिनिटांनी, कोच सांगो न सांगो, नॉब थोडा आवळायचा आणि वीसेक सेकंद उभं राहायचं. एकदा कोचने विचारलं, "मॅडम, आत्ता उभं राहायचं नव्हतं." मी म्हटलं, "खड्डा आला."

या प्रकाराचा मूळ पुरुषही रस्त्यावरचाच. जॉनी गोल्डबर्ग, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, पुढे कॅलिफोर्नियात गेलेला. अमेरिका आडवी पार करायच्या शर्यतीच्या सरावासाठी त्याने घरात सायकल चालवायला घेतली आणि त्यातून हे क्लास निघाले. १९९५ साली श्विन कंपनीने त्याच्या नावाची सायकल बाजारात आणली. 'स्पिनिंग' हा शब्दसुद्धा ट्रेडमार्क आहे म्हणे, आपण आपला सरसकट वापरतो. सांगायचा मुद्दा, ही सायकल दिवसदिवस सीटवर बसणाऱ्या माणसाने आखली. तिच्यावर कर्वे रोडची बँकेतली बाई बसेल हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

कपड्यांचं प्रकरण मी टाळणार होते, पण टाळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. पॅडवाली सायकलिंगची शॉर्ट मिळते. बाराशे रुपयांची घेतली. (आणखी महागही असतात, ताई म्हणाल्या आधी एवढीच घे.) पॅड म्हणजे गादी नव्हे. ते मऊपणापेक्षा घाम शोषायला आणि घासणं थांबवायला असतं. पूर्वी त्या जागी खरं चामडं शिवायचे, आल्प्समधल्या शॅमॉय नावाच्या बकरीसारख्या जनावराचं, आणि ते वाळून कडक होऊ नये म्हणून त्याला मलम चोपडायचे. चामडं गेलं, स्पंज आला, पण सायकलवाले त्या पॅडला अजून 'शॅमी'च म्हणतात आणि मलमही टिकून आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं. काही म्हणजे काहीही. मी पहिले दोन क्लास नेहमीप्रमाणे घालूनच केले आणि शिवणीच्या जागी दोन्हीकडे सोललं गेलं. पॅडला शिवण नसते, ती याचसाठी, आणि आपण वर आपली शिवण नेऊन घालतो. ताईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरी येऊन आईसमोर बोलून गेले. ती शेंगा सोलत होती. हात थांबवून म्हणाली, "आतून काही न घालता तू कर्वे रोडला जातेस?" मी म्हटलं, "वरून ट्रॅक पँट घालते गं." तिने पुन्हा शेंगा घेतल्या, पण त्या दिवसापासून मी सकाळी निघाले की ती खिडकीत येऊन मी रस्ता ओलांडेपर्यंत बघते.

तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या मूर्खपणाने केसतोड झालं. शनिवारच्या क्लासनंतर आम्ही सहा-सात जणी खाली पोहे-चहाला जातो. गप्पा लांबल्या, तिथून मी परस्पर मंडईत गेले, भाजी स्वस्त होती म्हणून पाच किलो घेतली, आणि घरी पोचेपर्यंत साडेदहा. चार तास तीच घामाने ओली शॉर्ट. सोमवारी सकाळी मांडीच्या सांध्यात हरभऱ्याएवढी गाठ, लालबुंद. आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. तिथे मात्र लाज सोडली, सगळं सांगितलं, मुंग्यांसकट. त्या म्हणाल्या, पिळू नका, गरम पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेका, बरं होईपर्यंत सीटवर बसायचं नाही, ताप आला किंवा गाठ वाढली तर लगेच या. आणि एक गोष्ट सांगितली जी मला कुणीच सांगितली नव्हती. पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे जे विशीत सोसलं ते आता सोसेलच असं नाही. म्हणजे दर वेळी 'सवय नाही' म्हणून मी स्वतःला दोष देत होते, तो सगळा माझा नव्हता. पावडर बंद करा म्हणाल्या, घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. बिनवासाचं साधं मलम लावा, क्लासला निघायच्या आधी. मी खोबरेल लावून पाहिलं होतं, ते ठीक होतं, पण शॉर्टचा वास जाईना.

तेव्हापासून मी बॅगेत सुकी चड्डी, सुती परकर आणि प्लॅस्टिकची पिशवी ठेवते. क्लास संपला की आधी बदलायचं, मग पोहे. जुलैत वेगळीच पंचाईत झाली. पॅड वाळेचना. दोन दिवस दोरीवर, एक रात्र पंख्याखाली, तरी मधे हात लावला की गार. ओलसर पॅड घालण्यापेक्षा क्लास बुडवलेला बरा, म्हणून दुसरी शॉर्ट घ्यावी लागली. नवऱ्याने हिशेब केला, गुडघ्याचं ऑपरेशन स्वस्त पडलं असतं.

नवरा या सगळ्या प्रकरणात फार हसत होता. बायकांचे लाड, म्हणाला. मग मी त्याला एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणारे पोलीस असतात. त्यांना बधिरपणाचा आणि पुढच्या, म्हणजे पुरुषांच्या काळजीच्या, तक्रारींचा त्रास होत होता. तिथल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या 'निऑश' या सरकारी संस्थेने नव्वद पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या सीटांवर बसवलं, आणि त्यांचा बधिरपणा खूपच कमी झाला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. वाचून संपेपर्यंत नवऱ्याचं हसणं थांबलं होतं. त्याने रविवारी टेकडीवर जाताना वापरतो त्या आपल्या सायकलची सीट गुपचूप खाली वाकून पाहिली, मी स्वयंपाकघरातून बघत होते.

त्याच रविवारी आम्ही मोजमापही केलं. नव्या मिक्सरचं खोकं घरात होतं. त्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर बसायचं, टाचा उचलून गुडघे वर घ्यायचे, मिनिटभर थांबून उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उठतात. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजायचं. माझं साडेतेरा सेंटिमीटर भरलं, नवऱ्याचं साडेअकरा. सीटची मागची रुंदी यापेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे दोन्ही हाडं तिच्यावर नीट टेकतात. आमच्या क्लासमधल्या बहुतेक सीटा मला पुरतात, फक्त तीन आणि चौदा नंबरच्या अरुंद आहेत. बायकांचं हे अंतर साधारणपणे जास्त असतं, पण तब्येतीवरून ओळखता येत नाही. आमच्या क्लासमधल्या सुकड्या कॉलेजकन्येचं माझ्याइतकंच भरलं. हो, तिलाही मी पुठ्ठ्यावर बसवलं.

आता चार महिने झालेत. मुंग्या गेल्या त्या गेल्याच. मागचं दुखणं पंधराएक दिवसांत बोथट झालं. मधे गणपतीत आठ दिवस खंड पडला तर पुन्हा दोन क्लास ठणकलं. डावं हाड शनिवारी अजून बोलतं. ताईंच्या मते माझा डावा पाय थोडा आखूड असावा, माझ्या मते शुक्रवारी बँकेत जास्त बसणं होतं. माझे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवलेत, सीट सात, मागेपुढे 'ड', हॅण्डल नऊ, सायकल अकरा नंबरची. अकरा नंबर मिळावी म्हणून मी सहालाच पोचते. त्या उंच मुलालाही तीच आवडते, तो पाच छपन्नला येतो, आणि आम्ही एकमेकांशी अतिशय गोड बोलतो.

शिपाईकाकांनी परवा विचारलं, "मॅडम, तेलाचा गुण आला ना?" मी म्हटलं, "एकदम." त्यांनी आता ते तेल अख्ख्या शाखेला सांगितलंय. मॅनेजरसाहेबांनी दोन बाटल्या मागवल्यात.